ध्येयाला लागलं कुंकू

माझ्या या वर्षाच्या आर्थिक ध्येयांवर दोन तालुक्यांतल्या नऊ माणसांच्या सह्या आहेत. त्यातली एक अंगठ्याची आहे. कागदाच्या चारी कोपऱ्यांना हळदकुंकू आहे, आणि त्याची रंगीत झेरॉक्स पानशेतला एका हॉटेलात गल्ल्याच्या मागं टांगलेली आहे. पुण्याची माणसं पिठलं-भाकरी खाता खाता ती वाचतात. (एकानं तर जाताना विचारलं म्हणे, "हा मुलगा लागला का मार्गाला?")

तर तो मुलगा मी. नाव प्रमोद, पण हे आधार कार्डालाच माहीत, बाकी सगळ्यांचा पम्या. भोरला एसटी स्टँडसमोर झेरॉक्सच्या दुकानात कामाला आहे. घर तिथनं अर्ध्या तासावर, भाटघर धरणाच्या पाण्याकडेला. शिक्षण बी.कॉम., पण खरी विद्या आवाजाची. कंडक्टर काढतो, शेजारची शेळी काढतो, सगळ्यात भारी काढतो ते मामांना. आमच्या मामांचा आवाज म्हणजे करपलेला तवा खरवडल्यासारखा. मी तो काढला की आमचं कुत्रंसुद्धा उठून बाजूला होतं, कारण मामा त्याला लाथ घालतात.

गेल्या डिसेंबरात कॉलेजच्या हॉलमधे आर्थिक शिस्तीवर व्याख्यान होतं. मी गेलो तो चहा-बिस्किटं होती म्हणून. निळ्या कोटातले एक सर बोलत होते. "मित्रांनो, जे लिहिलं जातं तेच घडतं!" असं म्हणून ते थांबायचे, आणि पाणी प्यायचे. त्यांनी सांगितलं, पुढच्या वर्षाची पैशाची ध्येयं स्वतःच्या हातानं लिहा. आकडा लिहा, मुदत लिहा. 'जमलं तर', 'बघू' असलं काही लिहू नका, विश्वाकडं ठणकावून मागा. रोज सकाळी आरशासमोर उभं राहून ती मोठ्यानं वाचा. आणि शेवटचं, तुम्हाला जाब विचारणारा एक माणूस नेमा.

शेवटचं सोडून मला सगळं पटलं. जाब विचारणारी माणसं आमच्या घरात न नेमता कामावर हजर असतात.

माझा पगार सात तारखेला येतो आणि बारा तारखेला त्याची फक्त आठवण येते. त्यामुळं मी मनावर घेतलं. फुलस्केप कागद घेतला, समास पाडला, आणि विश्वाकडं मागायचंय म्हणून वर ठळक अक्षरात लिहिलं, 'मागण्या'. खाली सहा कलमं. पहिलंच कलम मोटारसायकलीचं. कागदाची चार पदरी घडी घातली आणि आरशाच्या मागं खोचली. सात-आठ दिवस रोज सकाळी भांग पाडता पाडता वाचला. आई आतनं विचारायची, कुणाशी बोलतोय. मी म्हणायचो, विश्वाशी. ती म्हणायची, त्याला म्हणावं आधी पाणी भर.

आता ताईचं सांगतो, कारण खरा जीव तिचा टांगणीला लागला होता.

माझी थोरली बहीण मनीषा भोरला बालवाडीत शिकवते. तिची लग्नाला एकच अट होती. देणंघेणं नाही. कुणी तोंडातनं एक वस्तू मागितली की ती उठणार. आणि ती उठलेली आम्ही दोनदा बघितली होती. दुसऱ्या वेळच्या पाहुण्यांनी तर मागितलंही नव्हतं, नुसतं म्हणाले, मुलीच्या आनंदासाठी काय द्यायचं ते द्या. ताई म्हणाली, "आन् मुलाच्या आनंदासाठी तुमी काय देताय?" पाहुणे चहा अर्धा टाकून गेले. दादांनी, म्हणजे आमच्या वडिलांनी, त्यानंतर महिनाभर कुणाला स्थळ सुचवा म्हटलं नाही.

मग पानशेतचं स्थळ आलं. मुलगा सागर. घरचं जेवणाचं हॉटेल, स्वतः भाकरीसुद्धा थापतो. त्याच्या आईनं पहिल्याच भेटीत सांगितलं, आमाला नारळ आन् मुलगी, बाकी काय नको. पाहुणे गेल्यावर ताई भांडी घासताना गाणं गुणगुणत होती. आमच्या घरात ताई भांडी घासताना फक्त भांड्यांचा आवाज येतो, तोही आपटल्याचा. दादा हळूच मला म्हणाले, "ह्या वक्ताला कुणी काय घाण करू नका." बोलताना ते माझ्याकडंच का बघत होते, ते मला तेव्हा कळलं नाही.

याद्यांचा दिवस ठरला. आमच्याकडं लग्न ठरलं की याद्या होतात. लग्न कुणाच्या दारात, जेवणाचा खर्च कुणाचा, कुणाला किती साड्या, हे सगळं कागदावर लिहायचं, चारचौघांत मोठ्यानं वाचायचं, कागदाला हळदकुंकू लावायचं आणि दोन्हीकडच्यांनी सह्या करायच्या. मग लग्न पक्कं. अक्षर माझं चांगलं, म्हणून आदल्या दिवशी मामांनी सांगितलं आणि मी लिहिलं. त्याच फुलस्केपवर. तसाच समास. तशीच चार पदरी घडी. आई म्हणाली, नीट ठेव बाबा. घरातली सगळ्यात नीट जागा मला एकच माहीत होती.

आरशाच्या मागं.

पाहुणे पाबे घाटाच्या वळणांतनं जीपनं आले, त्यामुळं पहिला अर्धा तास लिंबूसरबतातच गेला. सागरची आई, सागर, आणि त्याचे चुलते तात्या, हे पुढं बसले. तात्या म्हणजे रिटायर तलाठी. कागद दिसला की माणूस वाचणारच. लिंबूसरबत पिताना त्यांनी आमच्या भिंतीवरचं कॅलेंडर डिसेंबरपासून मागं ऑगस्टपर्यंत वाचून काढलं होतं. आणि एकदा सुरू केलं की सही येईपर्यंत थांबायचं नाही, हा नोकरीतला नियम त्यांनी घरीपण चालू ठेवला होता.

आईनं आरशामागनं आणून ताटात ठेवलेला कागद उघडला, चारी कोपऱ्यांना हळदकुंकू लावलं (तिचा चष्मा स्वयंपाकघरात होता), मधे सुपारी ठेवली आणि ताट तात्यांच्या पुढं सरकवलं. मी दारात पोह्यांच्या बश्या घेऊन उभा. ताई आत, दाराच्या मागं.

तात्यांनी घसा साफ केला आणि सातबारा वाचावा तसं वाचायला लागले.

"मागण्या."

दादांनी मामांकडं बघितलं. मामांच्या तोंडात पान होतं, त्यांनी छताकडं बघितलं.

"कलम एक. मोटारसायकल, एक नग, रंग काळा, दिवाळीच्या आत. कलम दोन. रोख रुपये साठ हजार, टप्प्याटप्प्यानं चालतील. कलम तीन. सोन्याची अंगठी एक तोळा, बोटाच्या मापाची."

हा तर माझा कागद! एकदम मला सकाळ आठवली. सकाळी आरशासमोर भांग पाडता पाडता मी विश्वाला ठणकावून सांगितलं होतं, "मला पाहिजेच पाहिजे, वऱ्हाडाला दोन गोड पदार्थ आणि वरमाईला नऊवारी!" तेव्हा लक्षच नव्हतं. भांग वाकडा आला होता.

इकडं खोलीत भलतंच सुरू झालं. आमच्याकडच्यांना वाटलं, ह्यांनी मामांना गुपचूप सांगून हे लिहून घेतलं, नारळ नारळ म्हणून शेवटी गाडीवर आले. त्यांच्याकडच्यांना वाटलं, आपण काही न मागता ह्यांनी आपल्या नावावर मागण्या लिहून ठेवल्या, म्हणजे आपली चव घालवायची. दोन्हीकडची माणसं एकमेकांकडं असं बघत होती, की मधे ठेवलेल्या सुपारीला घाम फुटावा.

आणि दादा. दादांचा चेहरा उतरला. त्यांनी पंच्याला हात पुसले आणि खाली बघून म्हणाले, "अंगठीचं बघता यील. गाडीला जरा दम धरावा लागंल."

हे ऐकून मला मेल्यासारखं झालं. माझ्या अंगठीसाठी माझा बाप पाहुण्यांशी घासाघीस करत होता.

सागरची आई ताठ झाली. "बघता यील म्हंजी? आमी कवा मागितली अंगठी?"

आता खरं तर आत जाऊन दोन वाक्यं बोलायची होती. शहाणा माणूस बोलला असता. मी बश्या खाली ठेवल्या आणि मागच्या दारानं बाहेर पळालो. पळून जायला नाही, वाचवायला! कलाकाराला संकटात कलाच आठवते. खिडकीखाली वाकलो, आणि मामांच्या आवाजात, अगदी तवा खरवडून, म्हणालो, "ओ तात्या, त्यो कागद बाजूला ठिवा. त्यो न्हाई वाचायचा."

मी खिडकीच्या फटीतनं बघितलं. सगळे मामांकडं बघत होते. मामा तोंडात पान धरून, ओठ घट्ट मिटून बसले होते. त्यांनी उठून खिडकीबाहेर, म्हणजे माझ्या डोक्यावरनंच, पिंक टाकली आणि वळून विचारलं, "म्या बोल्लो व्हय?"

सगळे म्हणाले, व्हय, तुमीच.

तात्यांनी चष्म्यावरनं बघितलं. का नाही वाचायचा, असं त्यांनी मामांना विचारलं. मामा म्हणाले, मला काय म्हाईत. तात्या म्हणाले, मग बोललात कशाला. मामा खाली बसले आणि स्वतःच्या तोंडाला हात लावून बघायला लागले. झालं! आता दोन्हीकडच्यांची खात्री पटली, की मामांना सगळं माहीत आहे आणि ते लपवतायत. (हा आवाज माझा होता, हे मामांना आजपर्यंत माहीत नाही. मामा वाचत नाहीत, म्हणून इथं लिहितोय.)

तेवढ्यात ताई बाहेर आली. डोक्यावरचा पदर तिनं खाली घेतला होता. तो खाली आला की काय होतं ते आम्हाला माहीत होतं. मी खिडकीतनं तिचा चेहरा बघितला. दोनदा उठली होती तेव्हा ती रागात होती. ह्या वेळी राग नव्हता. तिचे डोळे भरले होते, आणि ते मी पहिल्यांदाच बघत होतो.

ती सागरला म्हणाली, "तुमाला गाडी पायजे व्हती तर त्या दिवशी तोंडानं सांगायचं. मी गाणी तरी म्हणली नसती."

सागर उभा राहिला. त्यानं आईकडं बघितलं, तात्यांकडं बघितलं, आणि म्हणाला, "अहो, पण मला गाडी चालवताच येत न्हाई."

मला ते सहन झालं नाही. ध्येय गेलं खड्ड्यात. मी खिडकीतनंच डोकं आत घातलं (दारातनं यायचं सुचलं नाही) आणि माझ्या स्वतःच्या आवाजात, जो मी फारसा वापरत नाही, म्हणालो, "ती गाडी माजी हाय."

सगळ्यांनी वळून बघितलं. मी सांगितलं. निळा कोट, विश्व, आरसा, भांग, सगळं. डोकं आत, बाकीचा मी बाहेर. सांगता सांगता मला वाटत होतं, आता कुणीतरी ही खिडकी लावून घेणार.

ताई माझ्याकडं बघत होती. आणि तात्यांनी, सही अजून आली नव्हती म्हणून, पुढं वाचायला सुरुवात केली.

"कलम चार. दादांच्या शर्टाच्या खिशाला हात लावायचा न्हाई."

दादांनी छातीवरच्या खिशावर हात ठेवला. "म्हंजी आत्तापातूर लागत व्हता?"

"कलम पाच. तंबाखूचा मावा बंद."

आईनं "मावा?" एवढंच विचारलं. तो एक शब्द मला अजून ऐकू येतो.

"कलम सहा." इथं तात्या जरा थांबले. चष्मा वर केला. "ताईच्या लग्नात पाच हजार माझ्या कमाईचे. कुणाला न सांगता."

कुणाला न सांगता! खोलीत सतरा माणसं होती, जीपचा ड्रायव्हर धरून.

ताई आधी हसली की आधी रडली, ते मला नक्की सांगता येणार नाही, कारण तिनं पदर तोंडाला लावला होता. पण पदराच्या आतनं ती म्हणाली, "गाढवा, पाच हजारात काय यील?" आणि मग सागर हसला, त्याची आई हसली, आणि शेवटी दादा हसले. पण दादा हसताना त्यांचा हात खिशावरच होता.

मी आरशामागचा खरा कागद आणायला पळालो. आणला. तात्यांनी तो घेतला, मागण्यांचा कागद फाडायला हातात धरला, आणि सागरची आई एकदम म्हणाली, "थांबा. कुंकू लागलेला कागद फाडत्यात व्हय?"

हे आईला पटलं, मामांना पटलं, जीपच्या ड्रायव्हरलाही पटलं. आता करायचं काय? लग्नाच्या कागदाला एकदा कुंकू लागलं की तोच लग्नाचा कागद. दुसऱ्याला लावायचं म्हणजे दुसऱ्या लग्नाचं बोलायचं. मग ठरलं, की खऱ्या याद्या ह्याच्याच पाठीमागच्या कोऱ्या बाजूवर उतरवायच्या. मी बसून उतरवल्या. दोन गोड पदार्थ, नऊवारी, सगळं. मागची बाजू भरून गेली. सह्यांना जागाच राहिली नाही.

"सह्या पुढच्या बाजूला," तात्या म्हणाले. "पन आता ह्या मागण्या सभेत वाचल्यात. त्याच्यावर शेरा मारल्याबिगर मी सही करणार न्हाई."

आणि त्या माणसानं खिशातनं लाल पेन काढलं! गाडीसमोर लिहिलं, 'मंजूर, स्वकष्टानं'. साठ हजारांसमोर, 'पहिला टप्पा कधी?' अंगठीसमोर, 'मुलीकडचा भाऊ म्हणून विचार करण्यात येईल'. खिशासमोर, 'तात्काळ अंमल'. खाली नऊ जणांनी सह्या केल्या. मामांना सही येते, चांगली वळणदार येते. पण त्या दिवशी आपल्या तोंडातनं कोण बोलतं ह्याचीच खात्री राहिली नव्हती, तर हाताची कोण देणार? त्यांनी अंगठा लावला.

दुसऱ्या दिवशी त्याच्या झेरॉक्स काढायला मलाच सांगितलं. मी फक्त मागची बाजू काढत होतो, तर मुक्कामाला राहून दुकानात येऊन बसलेले तात्या म्हणाले, "दोन्ही बाजू. रंगीत." मालकानं माझ्याकडनं पैसे पूर्ण घेतले आणि वरनं स्वतःसाठी एक कॉपी काढली.

सरांनी जाब विचारणारा एक माणूस नेमायला सांगितला होता. मला नऊ मिळाले. दर महिन्याच्या एक तारखेला तात्यांचा फोन येतो, "शेरा भरायचाय." अक्षता पडत होत्या तेव्हा त्यांनी तांदूळ टाकता टाकता दुसरा टप्पा विचारला. (पहिल्याबद्दल त्यांना आशा राहिली नव्हती.)

आता वर्ष संपत आलंय, तर हिशेब देतो. मोटारसायकल आली. काळीच आली, दिवाळीच्या आतच आली. फक्त ती पानशेतला आली. ताईनं स्वतःच्या पैशातनं घेतली आणि दाजींना ती शिकवते. दाजी मागं बसतात. अंगठीही मिळाली. लग्नात नवऱ्याचा कान पिळायचा मान माझा, त्याबद्दल दाजींनी माझ्याच बोटाच्या मापाची अंगठी घातली. एक ग्रॅमवाली. पाणी लागलं की बोट हिरवं होतं. पाच हजार मी दिले. कुणाला न सांगता द्यायचे होते, म्हणून तात्यांनी सगळ्यांना बोलावून फोटो काढला. मावा सोमवारी बंद असतो. साठ हजारांचं सर म्हणाले होते तसं झालं, विश्वानं ऐकलं, पण ते कुणाच्यातरी दुसऱ्याच्या खात्यात टाकले असावेत.

शंभर टक्के असं एकच कलम पूर्ण झालं, चौथं. बारा महिन्यांत दादांच्या खिशाला माझा हात लागलेला नाही. परवा तात्या घरी आले, कागद मागून घेतला, लाल पेन काढलं. त्यांनी दादांकडं नीट बघितलं. दादांनी याद्यांच्या दुसऱ्याच दिवशी भोरला जाऊन बिनखिशाचे चार शर्ट शिवून घेतले होते, आणि त्यातलाच एक अंगात होता.

तात्यांनी चौथ्या कलमासमोर लिहिलं, 'ध्येय पूर्ण. श्रेय शिंप्याला.'